तो मेसेज मीच पाठवला होता

आज मी माझीच एक चूक सांगणार आहे.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर माझ्या फोनवर एक मेसेज आला. ‘डान्स ऑफ द हिलरी’ नावाचा व्हिडिओ आला तर उघडू नका, तो व्हायरस आहे, सगळा फोन पुसून टाकतो, आज बीबीसी रेडिओवर सांगितलंय, जितक्यांना कळवता येईल तितक्यांना कळवा. मी एसटीत होते. वाचला आणि पाच-पाच करून माझ्याकडच्या सगळ्या गटांना पाठवून दिला. वाटलं, बायकांचं नुकसान टळेल.

चार दिवसांनी एका गटाच्या काकू भेटल्या. त्यांना कुणीतरी लग्नातल्या नाचाचा व्हिडिओ पाठवला होता. नाच दिसला, त्यांना वाटलं हाच तो. घाबऱ्याघाबऱ्या बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने तीनशे रुपये घेतले आणि फोन कोरा करून दिला. नंबर गेले, नातवाचे फोटो गेले. काकूंच्या आईने जात्यावर म्हटलेल्या ओव्या त्या फोनमध्ये होत्या, त्याही गेल्या. आई आता नाहीत. काकू माझ्यावर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तुम्ही पाठवलं होतंत ना, म्हणून खरं वाटलं.”

हिलरीचा असला कुठलाही व्हिडिओ नव्हताच. हाच मेसेज कधी ‘डान्स ऑफ द पोप’ या नावाने, कधी दुसऱ्याच नावाने वर्षानुवर्षं फिरतोय.

आपल्यातल्या चाळिशीच्या पुढच्यांना संतोषी मातेच्या नावाने येणारी पोस्टकार्डं आठवत असतील. अशीच इतकी पत्रं लिहा, भरभराट होईल. पत्र फाडलंत तर घरावर संकट येईल. निदान तेव्हा कार्डाला पैसे पडायचे, लिहून हात दुखायचा. चार कार्डं झाली की माणूस विचार करायचा. आता नुसता अंगठा लावला की काम झालं.

शिकलेली माणसंही फसतात. २००२ साली जगभर एक ईमेल फिरली. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये अस्वलाचं चित्र असलेली एक फाइल सापडली तर तो व्हायरस आहे, लगेच काढून टाका आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा. लोकांनी शोधलं, तर अस्वल खरंच सापडलं! पुष्कळांनी ती फाइल पुसली. पण ती विंडोजबरोबरच येणारी साधी फाइल होती, म्हणून तर ती इतक्या जणांकडे सापडत होती. म्हणजे नुकसान केलं ते माणसाने स्वतःच्या हाताने, तेही दुसऱ्याची काळजी करता करता.

असा मेसेज ओळखायला इंग्रजी यावं लागत नाही. तो आधी घाबरवतो. मग एखादं मोठं नाव घेतो, बीबीसी, नासा, रिझर्व्ह बँक नाहीतर एखादा मोठा डॉक्टर. ‘आज सांगितलं’ म्हणतो, पण तारीख लिहीत नाही. म्हणून तो पाच वर्षांनीही ताजाच वाटतो. आणि शेवटी सगळ्यांना पाठवा म्हणतो. मला विचाराल तर हे शेवटचं वाक्यच सगळ्यात पक्की खूण. मेसेजच्या डोक्यावर दोन बाण दिसले तर तो बरेच हात फिरून आलाय असं समजा. फिरून आलेला म्हणजे खोटाच असं नाही, पण पाठवणारीने तो स्वतः लिहिलेला नाही, एवढं नक्की.

खरा धोका वेगळीकडे असतो. अनोळखी लिंक दाबणं, कुणीतरी पाठवलेली एपीके फाइल उघडून ॲप टाकणं, ओटीपी सांगणं. त्यात पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन लावा.

फोन कोरा झाला तर परत भरता येतो, मैत्रिणींनो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज तेव्हा गावोगाव फिरत होते. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. लोकांनी त्यांना पोरं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही गेले. त्या वर्षी देशात फिरलेला मूल पळवण्याचा एक व्हिडिओ तर कराचीतल्या संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी मुद्दाम बनवलेला होता. शेवटी ते मूल परत सोडतात आणि सावध राहा म्हणतात. तेवढाच भाग कुणीतरी कापला होता. ज्या बायांनी तसले मेसेज पुढे पाठवले, त्यांनीही आपल्या लेकरांच्या काळजीनेच पाठवले असतील.

आपण गटात सही करायला शिकलो, ती कुणीही पुढे केलेल्या कागदावर अंगठा लावायचा नाही म्हणून. ठराव वाचून दाखवल्याशिवाय आपण सही करत नाही. मग आता आमच्या गटांत एक रीत पाडली आहे. घाबरवणारा मेसेज आला की तो पाठवणारीलाच विचारायचं: तुला कुणी सांगितलं, कधीचं आहे? उत्तर आलं नाही तर तो तिथेच थांबवायचा. अगदीच राहवलं नाही तर मासिक बैठकीत मोठ्याने वाचायचा. मोठ्याने वाचला की निम्मे मेसेज हसण्यावारी जातात, हा आमचा अनुभव.

मीही त्या दिवशी सगळ्या गटांना दुसरा मेसेज पाठवला, की आधीचा खोटा होता, चूक माझी. तो मात्र कुणीच पुढे पाठवला नाही. काकूंच्या मामेबहिणीकडे आईच्या दोन-तीन ओव्या असाव्यात असं कळलंय. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी तिच्या गावी जाणार आहोत.