चालताना बोलायचं, म्हणजे मेंदूला दोन कामं

घरातले आजोबा चालताना बोलू लागले की थांबतात का? 1997 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी नेमकं हेच पाहिलं. बोलण्यासाठी थांबणारे बहुतेक वृद्ध पुढच्या सहा महिन्यांत पडले.

चालताना मेंदूची अशीच ओढाताण सीओपीडीच्या रुग्णांचीही होते. दमेकऱ्यासारखी धाप लावणारा, पण दम्याहून वेगळा असा सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार. सिगारेट-विडीप्रमाणे चुलीचा धूरही त्याला कारण ठरतो, म्हणून आपल्याकडे कधीही विडी न ओढलेल्या बायकांनाही तो गाठतो.

संशोधक या रुग्णांच्या कपाळावर पट्टी बांधून अवरक्त प्रकाश सोडतात. मेंदूच्या पुढच्या भागातल्या रक्तात प्राणवायू किती, ते त्यावरून कळतं. मग त्यांना चालता चालता शंभरातून तीन-तीन वजा करण्यासारखं काम देतात. निरोगी माणसाचं चालणं एरवी जवळजवळ आपोआप होतं. यांच्यापैकी अनेकांना मात्र साध्या पावलांसाठीही लक्ष खर्चावं लागतं; त्यात विचारांची भर पडली की वेग मंदावतो. श्वासाकडेही ध्यान असतंच ना!

तेव्हा जिना चढताना त्यांना काही विचारू नका. वर पोहोचू द्या, श्वास बसू द्या, मग बोला. आणि चालताना तोल जातो का, हे डॉक्टरांना जरूर सांगा.