तुंगार पर्वत : नाव आणि नाते
(सुवर्ण महोत्सवानिमित्त केलेल्या भाषणाचा सारांश)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि कापडाचा व्यापारी. इतिहासाचा पंडित नव्हे. परंतु खरेदीसाठी उमरोळीहून मुंबईस जाताना वैतरणा ओलांडली की विरार-वसईच्या पूर्वेस दिसणारा तुंगार पर्वत मी चाळीस वर्षे पाहत आलो आहे. दोन हजार फुटांहून उंच असलेल्या या पर्वताविषयी आज दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

संस्कृतात 'तुंग' म्हणजे उंच. तुंगार हे नाव याच शब्दाशी जोडले जाते आणि तेथील महादेव तो तुंगारेश्वर. हाच शब्द मावळातील तुंग किल्ल्याच्या आणि बागलाणातील आपल्या मांगी-तुंगी सिद्धक्षेत्राच्या नावातही ऐकू येतो. या साम्यावरून आपल्यापैकी काहीजण उत्साहाने म्हणतात, "म्हणजे तुंगारही मूळचा आपलाच!" मला हे पटत नाही. जो शब्द केवळ उंची सांगतो, तो मालकी कशी सांगेल? वहीत नोंद नसता येणे दाखविणे हे व्यापाऱ्यास शोभत नाही. मग धर्माच्या वहीत ते कसे शोभावे?

आपले खरे नाते पर्वताच्या पायथ्याशी, सोपाऱ्यात आहे. प्राचीन शूर्पारक ते हेच. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तेथे मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली सापडला. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखातही या बंदराचे नाव आहे.

आपली परंपरा सांगते की, बारा वर्षांच्या दुष्काळात आचार्य वज्रसेनसूरी सोपाऱ्यास आले. तेथील श्रेष्ठी जिनदत्त यांच्या घरी लाख मोलाचे अन्न शिजत होते आणि पत्नी ईश्वरी त्यात विष कालविण्याच्या तयारीत होती. संपूर्ण कुटुंबाने जीवन संपविण्याचे ठरविले होते. आचार्यांनी त्यांस थांबविले. उद्या सुकाळ होईल, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी धान्याची गलबते बंदरास लागली. पुढे नागेंद्र, चंद्र, निवृत्ती आणि विद्याधर या चारही पुत्रांनी दीक्षा घेतली व त्यांच्या नावांनी चार कुले प्रसिद्ध झाली.

ती गलबते येताना खलाशांना किनाऱ्याआधी हा उंच पर्वतच दिसला असेल, असे माझ्या मनात येते. त्या पर्वताने गलबतातील धान्य कोणत्या धर्माच्या घरी जाणार, हे विचारले नसेल.

शिवभक्तांस तो तुंगारेश्वर, वनखात्यास २००३ पासूनचे अभयारण्य आणि आपणांस सोपाऱ्याच्या स्मृतीचा साक्षी. अनेकांतवाद याहून निराळा काय सांगतो? म्हणून माझी विनंती एवढीच की, आपल्या मुलांना एकदा सोपाऱ्यास न्यावे, पर्वत दाखवावा, वज्रसेनसूरींची कथा सांगावी. परंतु जे सिद्ध आहे ते सिद्ध म्हणून आणि जी परंपरा आहे ती परंपरा म्हणूनच सांगावी.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोललो असेन तर त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!