सुरतेच्या डॉक्टरीणबाई
(महोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या ट्रस्टच्या महोत्सवात 'समाज बदलणाऱ्या स्त्रिया' या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली. अशा विषयाचा आरंभ मादाम क्युरीपासून करण्याचा प्रघात आहे. परंतु आपल्या या तापीकाठच्या गावी वीसहून अधिक वर्षे जिने रोगी स्त्रियांची सेवा केली, अशी एक मराठी बाई असताना मी पॅरिसला कशाला जाऊ? डॉ. रखमाबाई हे तिचे नाव.

रखमाबाईंचा जन्म १८६४ साली मुंबईस झाला. वडील लवकर वारले. आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरा विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून देण्यात आले. पण त्या माहेरीच राहिल्या आणि घरच्या घरी वाचू लागल्या. १८८४ साली, बायकोने नांदावयास यावे म्हणून दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. रखमाबाईंचे म्हणणे असे की, समज येण्यापूर्वी, माझ्या संमतीवाचून झालेले लग्न मला बांधून ठेवू शकत नाही. विजेचा दिवा, आगगाडी यांना आपण शोध म्हणतो. माझ्या मते हे म्हणणेही त्याच तोलाचा शोध होता.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. याच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारीस, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यास वारल्या होत्या. अमेरिकेची पदवी हाती असून या एकवीस वर्षांच्या मुलीला धंदा करावयास सवड मिळाली नाही. एका आठवड्यात महाराष्ट्राने एक डॉक्टरीण गमावली आणि दुसरी जवळजवळ तुरुंगात घातली!

लोकमान्यांच्या 'केसरी'ने रखमाबाईंच्या विरुद्ध लिहिले. टिळकांविषयी माझ्या मनात आदर आहे. तरी ही गोष्ट झाकून ठेवणे मला बरे वाटत नाही. राणी व्हिक्टोरियाने हे लग्न मोडले, अशी एक गोड कथा आपल्याकडे सांगतात. खरे पाहता १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली. स्वातंत्र्य विकत घ्यावे लागले, हेच त्यातले कडू सत्य. पुढे १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन दहाची मर्यादा बारावर गेली, त्यामागे जी चळवळ होती तिला या खटल्याने मोठा जोर दिला.

१८८९ साली रखमाबाई विलायतेस गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या आणि १८९५ साली येथील बायकांच्या दवाखान्याच्या प्रमुख होऊन सुरतेस आल्या. त्या काळी परपुरुषाला नाडीसुद्धा दाखवावयाची नाही, मग तो डॉक्टर असला तरी, अशी आपल्या हिंदू-मुसलमान दोन्ही घरांतली रीत होती. बाळंतपण म्हणजे अंधारी खोली, शेगडीचा धूर आणि सुईण. त्या बायकांना हात लावू शकणारी शिकलेली बाई गावात आली, याचे मोल ज्या घरात बाळंतीण दगावली असेल तेच जाणे. पुढे त्या राजकोटला गेल्या. १९५५ साली, नव्वदी ओलांडून, मुंबईस वारल्या. विशेष हे की, दादाजी वारल्यावर त्यांनी विधवेचा पांढरा वेष घेतला. हे मला अजून नीट उमगलेले नाही, आणि ओढूनताणून त्याचा अर्थ मी लावणार नाही.

आता थोडे स्वतःविषयी. आमच्यात निकाहच्या वेळी वकील आणि दोन साक्षीदार मुलीची कबुली घ्यावयास आत येतात. प्रश्न विचारलाच पाहिजे, असा धर्माचा दंडक आहे. माझ्या वेळीही विचारले. मी मान हलविली. उत्तर मात्र बैठकीत अगोदरच ठरले होते. माझे नशीब बरे, शिक्षण पुढे चालू राहिले आणि मी बी. एड. झाले. परंतु विचारणे आणि विचारल्यासारखे करणे यातला फरक तेव्हापासून मला कळतो.

आणि कळत असूनही माझ्या हातून चूक झाली. मागल्या वर्षी आठवीतल्या एका हुशार मुलीचे वडील दिवाळीपूर्वी शाळा सोडल्याचा दाखला मागावयास आले. कारणाच्या रकान्यात मी माझ्या अक्षरात 'पालकांचे स्थलांतर' असे लिहिले. वडील कोठेही जाणार नव्हते. खानदेशातल्या गावी मुलीचे जमले होते, हे मला तिच्या मैत्रिणींनी आधीच सांगितले होते. कायद्याने अठरा वर्षे लागतात, हेही मला ठाऊक होते. मुलगी दाराशी उभी होती. मी तिला काही विचारले नाही.

या जूनपासून, दाखला हवा असेल तर मुलीला बरोबर आणा, असे मी पालकांना सांगते आणि मुलीशी एकटीने बोलते. दोन घरांनी ऐकले. दोन्ही मुली वर्गात आहेत. तिसरे घर लिंबायतचे आहे. ते मुलीला शाळेत पाठवीत नाहीत आणि मला दार उघडीत नाहीत. तिचे वडील आपल्या ट्रस्टचे सभासद आहेत आणि विश्वस्तांचा शब्द ते मोडणार नाहीत. उद्या संध्याकाळी पाच वाजता मी पुन्हा जाणार आहे. आपल्यापैकी कोणी माझ्याबरोबर येईल काय, एवढेच विचारावयास मी आज येथे उभी राहिले.