अकरा रुपये आणि एक न दाबलेली कळ

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा आदेश असा होता की, "तू इतकी वर्षं नक्की काय केलंस ते दहा मिनिटांत, आम्हाला कळेल असं सांग." मी इतकी वर्षं सी भाषेत प्रोग्रॅम लिहिले. त्यातलं बरंचसं काम म्हणजे दुसऱ्याने तयार केलेली फाइल उघडायची आणि ओळीमागून ओळ वाचायची. ऐकायला बालवाडीचं काम वाटतं. म्हणूनच त्यात मी सपाटून आपटलो, ती गोष्ट सांगतो.

आधी एक विचारतो. दहावीच्या सुट्टीत टायपिंगच्या क्लासला कोण कोण गेलं होतं? बरेच हात वर झाले. मग तुम्हाला तो डावीकडचा दांडा आठवत असेल. ओळ संपली की घंटी वाजायची आणि आपण दांडा ढकलायचो. त्या एका ढकलण्यात दोन कामं व्हायची: कागद एक ओळ वर सरकायचा आणि गाडी पुन्हा ओळीच्या सुरुवातीला यायची. टेलिप्रिंटरवर या दोन कामांना दोन वेगळे संकेत होते. गाडी मागे आणायला १३, कागद सरकवायला १०. पुढे संगणक आले, कागद गेला, गाडी गेली, पण संकेत राहिले. युनिक्सवाल्यांनी ठरवलं की ओळ संपली हे सांगायला एकटा १० पुरे. डॉस आणि नंतर विंडोजने १३ आणि १० असे दोन्ही ठेवले. जुन्या मॅकिंतॉशने एकटा १३ घेतला. तीन घरच्या तीन चाली. फाइलमध्ये मुळात ओळी नसतातच, अंकांची एक लांबच लांब माळ असते. ओळ हा आपला समज.

१९९७ साली मी नोकरीत नवा होतो. एका दूध संघाचं दर दहा दिवसांचं बिल काढायचा प्रोग्रॅम माझ्याकडे आला. गावोगावच्या संकलन केंद्रांवर डॉसच्या संगणकावर सभासद क्रमांक, नाव, रक्कम टाइप व्हायची. फ्लॉपी मुख्य कार्यालयात यायची आणि तिथे माझा प्रोग्रॅम युनिक्सवर चालायचा. पहिल्याच दिवशी पडद्यावर गोंधळ. रकमेनंतर 'रुपये' छापायला सांगितलं, तर तो शब्द ओळीच्या सुरुवातीला जाऊन सभासद क्रमांकावर बसला. तासाभराने उलगडलं. ओळीच्या शेवटी डॉसचा १३ शिल्लक होता, आणि तो इमानेइतबारे गाडी मागे नेत होता.

मी खूश. उपाय काय केला? प्रत्येक ओळीच्या शेवटची दोन अक्षरं कापून टाकली. ती कोणती आहेत हे न बघता.

चार बिलं सुरळीत गेली. पाचव्या वेळी एका केंद्रावरच्या ऑपरेटरने शेवटच्या ओळीनंतर एंटरची कळ दाबली नाही. त्यात त्याची काहीच चूक नव्हती. शेवटच्या ओळीला ना १३ ना १०. माझ्या कात्रीने मग रकमेचेच शेवटचे दोन आकडे कापले. ११२६ चे झाले ११. बेरीज जुळवून बघायची पद्धत होती, पण बेरीजही माझाच प्रोग्रॅम करायचा, त्यामुळे ती चोख जुळली!

यादीत शेवटी होत्या एक आजी, सगळ्यांत नव्या सभासद. दोन म्हशी, आणि घर त्यावरच. पेंडीच्या दुकानाची उधारी त्या बिलातून भागायची होती. एस.टी.ने थेट कार्यालयात आल्या, पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "लेकरा, अकरा रुपये ही काय पूजेची दक्षिणा दिलीस का मला?" मला वर बघवेना.

आपल्या गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून सांगतो. बाई, तुम्ही उत्तराखाली रेघ मारायला लावायचात. रेघ नसली की, "संपलं का पान उलटायचंय?" असं विचारायचात. माझ्या प्रोग्रॅमने ते विचारलंच नव्हतं. आता मी असं करतो: ओळीत १३ किंवा १० पहिल्यांदा कुठे आहे ते शोधतो आणि तिथेच ओळ संपवतो. सी मध्ये स्ट्रसीस्पॅन नावाचं फंक्शन हे एका दमात करतं. दोन्ही संकेत नसतील, तर ते ओळीची पूर्ण लांबी सांगतं आणि काहीच कापलं जात नाही.

गेट्स नावाच्या फंक्शनबद्दल बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही. आपल्या पिढीला पुस्तकांनी तेच शिकवलं. ते ओळ वाचतं, पण भांडं केवढं आहे हे विचारत नाही. चाळीस लिटरच्या कॅनमध्ये साठ लिटर ओततं आणि शेजारचं सगळं भिजवतं. नोव्हेंबर १९८८ मध्ये, आपण दहावीत होतो तेव्हा, अमेरिकेत मॉरिस वर्म पसरला. त्याची एक वाट हीच होती: ५१२ बाइटच्या जागेत ५३६ बाइट. तरी सी च्या प्रमाणित व्याख्येतून गेट्स हटायला २०११ साल उजाडलं. त्याऐवजी एफगेट्स वापरा, त्याला भांड्याचं माप सांगावं लागतं. मात्र ओळ मापापेक्षा लांब असेल, तर उरलेला तुकडा पुढच्या वेळी नवी ओळ म्हणून हातात येतो, तेवढं तपासा.

आणि फीओएफला आधी विचारून मग वाचू नका. पोहरा रिकामा वर आल्याशिवाय विहीर आटली हे कळत नाही; तसंच वाचायचा प्रयत्न फसल्याशिवाय फाइल संपली हे फीओएफला कळत नाही. आधी विचारलं, की शेवटची ओळ दोनदा हाती लागते. आज दाराशी एका मैत्रिणीच्या नावाचे दोन बिल्ले निघाले. तिचं नाव यादीत शेवटचं होतं का हो? मला नुसता संशय आहे.

त्या आजींचे उरलेले १११५ रुपये मी दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन दिले. त्यांनी दोनदा मोजले, मग चहा दिला, म्हशीच्या दुधाचा. आजही नवा प्रोग्रॅम तपासायला मी एक फाइल बनवतो. तिच्या शेवटच्या ओळीत ११२६ लिहितो आणि एंटर न दाबता ती बंद करतो.

संयोजक घड्याळ दाखवताहेत.