शिवाराची राखण आणि पोटाचा प्रश्न

परभणीसारख्या जिल्ह्याच्या गांवीं एखाद्या घरांत मुलगा कृषिशास्त्राची पदवी घेऊन आला, म्हणजे पहिला आठवडा पेढे वाटण्यांत जातो आणि दुसऱ्या आठवड्यांत ‘आतां पुढें काय?’ हा प्रश्न उंबरठ्याशीं येऊन उभा राहतो. वडील स्पर्धापरीक्षांच्या वर्गाची चौकशी करूं लागतात, मामा पुण्यास एखादी खोली पाहून ठेवतात, आणि ज्या मातीचें शास्त्र शिकण्यांत त्या मुलानें चार वर्षें घालविलीं, त्या मातीचें नांव मात्र कोणाच्या तोंडीं येत नाहीं. पुण्याच्या त्या खोलींत पुढें चार-पांच वर्षें निघून जातात. जागा थोड्या आणि उमेदवार उदंड. ज्याचें नांव यादींत लागत नाहीं, त्याच्या हातीं वाढलेलें वय तेवढें उरतें. ही हानि केवळ त्या घराची नाहीं. ज्या शिवाराला त्याच्या विद्येची गरज होती, त्या शिवाराचीही ती हानि आहे.

शिवाराची राखण म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. पूर्वीं राखण म्हटली कीं हातांत गोफण घेऊन माळ्यावर बसलेला राखणदार डोळ्यांपुढें येई. आज त्या शब्दाचा अर्थ पुष्कळ विस्तारला आहे. पावसाचें पाणी अडविणें, वाहून जाणारी माती धरून ठेवणें, गायरान आणि माळरान उजाड होऊं न देणें, ओढ्याकांठचीं झाडें जपणें, वन्य प्राणी आणि शेतकरी यांच्यांतील कलह मिटविणें, गांवच्या विहिरींतील पाण्याचा हिशेब ठेवणें, हीं सारीं कामें त्यांत येतात. त्यांतील प्रत्येक कामाला शास्त्र आहे, आणि तें शास्त्र जाणणाऱ्याला वेतन देणारें एखादें खातें, विद्यापीठ किंवा सेवाभावी संस्थाही आहे.

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांचा हा जिल्हा काळ्या कसदार जमिनीबद्दल प्रसिद्ध आहे. पूर्णेवरील येलदरीचें धरण येथेंच आहे, आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याचें पाणीही या जिल्ह्यांत येतें. वन मात्र फारच थोडें. उत्तरेस जिंतूरकडील डोंगर आणि दक्षिणेस गंगाखेडकडील बालाघाटाच्या टेकड्या सोडल्या, तर दृष्टि जाईल तेथवर शेतच दिसतें. यावरून ‘येथें जंगलच नाहीं, मग राखावयाचें काय?’ असा आक्षेप निघतो. त्याला उत्तर असें, कीं घनदाट अरण्याला राखणाऱ्यांची गरज असतेच. पण जेथें झाड विरळ, माती उघडी आणि पाऊस बेभरंवशाचा, तेथें ती अधिक असते. १९७२ च्या दुष्काळानें आणि पुढें २०१२ ते २०१६ या काळांतील अवर्षणांनीं मराठवाड्याला हा धडा पुरेपूर दिला आहे.

या क्षेत्रांतील सर्वांत परिचित वाट वनखात्याची. तिच्या पायऱ्या नीट समजून घ्याव्या. अगदीं खालची, परंतु जंगलाच्या सर्वांत जवळची पायरी वनरक्षकाची. तिच्यावर वनपाल, वनक्षेत्रपाल, सहायक वनसंरक्षक, उपवनसंरक्षक अशी चढण आहे. वनरक्षकाच्या भरतींत लेखी परीक्षेबरोबर धांवण्याची कसोटी असते. वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक या पदांसाठीं महाराष्ट्र लोकसेवा आयोग परीक्षा घेतो. १९६६ सालीं स्थापन झालेल्या भारतीय वनसेवेची निवड संघ लोकसेवा आयोगाकडे आहे. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान, गणित, संख्याशास्त्र, भूगर्भशास्त्र, पशुवैद्यक यांपैकीं एखादा विषय घेऊन पदवी मिळविलेला उमेदवार या सेवेसाठीं अर्ज करूं शकतो. तसाच कृषि, वनविद्या किंवा अभियांत्रिकीचा पदवीधरही. म्हणजे परभणीच्या कृषि आणि पशुवैद्यक महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्यांना हें दार उघडें आहे. निवडीच्या अखेरच्या टप्प्यांत पुरुषांना चार तासांत २५ आणि स्त्रियांना १४ किलोमीटर चालून दाखवावें लागतें. परीक्षेच्या पुस्तकांत बुडालेल्या पुष्कळांना ही अट शेवटीं आठवते. पण ज्याला पायीं हिंडण्याचा कंटाळा आहे, त्यानें या वाटेला जाऊंच नये हें बरें.

परभणीच्या माळावर वनरक्षकाचें निम्में काम कायद्याचें आणि निम्में समजुतीचें असतें. हरभऱ्याच्या उभ्या पिकांत रात्रीं काळविटांचा कळप किंवा रानडुकरें उतरलीं, तर सकाळीं शेतकऱ्याचा संताप अनावर होतो. त्या वेळीं बांधावर जाऊन नुकसानीचा पंचनामा वेळेवर झाला आणि भरपाईचा कागद पुढें सरकला, तरच त्या शेतकऱ्याचा राग प्राण्यावर निघत नाहीं. पंचनामा आठ दिवस रेंगाळला, तर कायद्याचें पुस्तक काळविटाला वांचवूं शकत नाहीं. असें काम करणारा मनुष्य केवळ पहारेकरी नसतो. तो गांव आणि रान यांच्यामधील मध्यस्थ असतो.

ही नोकरी माणसाला किती समृद्ध करूं शकते, याचें एक उदाहरण मराठी वाचकांच्या ओळखीचें आहे. १९३२ सालीं सोलापुरास जन्मलेले मारुती चितमपल्ली कोइमतूर येथें वनविद्या शिकून सरकारी वनखात्यांत दाखल झाले. नवेगांवबांध, नागझिरा, मेळघाट अशा रानांत त्यांच्या आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें गेलीं. हुद्दा अधिकाऱ्याचा होता. तथापि पक्ष्यांचीं नांवें आणि झाडांचे गुण त्यांनीं रानांत राहणाऱ्या साध्या माणसांकडून समजून घेतले. २००६ सालीं सोलापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांना मिळालें. २०२५ सालीं त्यांना पद्मश्री देण्यांत आली आणि त्याच वर्षीं त्यांचें निधन झालें. वेतन खात्यानें दिलें. विद्या मात्र पायीं हिंडून आणि विचारपूस करून त्यांनीं स्वतः मिळविली.

परंतु वनखात्याच्या जागा मोजक्या असतात. म्हणून दुसऱ्या वाटेकडे वळावें लागतें, आणि परभणीच्या दृष्टीनें तीच अधिक महत्त्वाची आहे. ती वाट पाणलोटाची. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडतें. संध्याकाळीं २५ मिलिमीटरांची एक सर आली, तर त्या हेक्टरावर अडीच लक्ष लिटर पाणी उतरलें. तें मुरलें तर विहिरीला लाभतें. वाहिलें तर शेताची माती घेऊन ओढ्याला मिळतें. हें पाणी मुरविण्याचें शास्त्र ‘माथा ते पायथा’ या क्रमानें चालतें. प्रथम डोंगरमाथ्यावर सलग समतल चर, मग उतारावर बांधबंदिस्ती, मग ओघळींत दगडी आणि मातीचे नालाबांध, आणि सर्वांत शेवटीं खालचा मोठा बंधारा. हा क्रम उलटा केला, तर वरून वाहून आलेल्या मातीनें बंधारा थोड्याच पावसाळ्यांत गाळानें भरतो आणि सरकारचा पैसा त्या गाळाखालीं जातो.

या कामाला मोजणीदार, स्थापत्य अभियंता, कृषिपदवीधर, भूजल जाणणारा आणि लोकांशीं बोलूं शकणारा समाजकार्यकर्ता अशीं पांच प्रकारचीं माणसें लागतात. उपग्रहाच्या नकाशावरून उतार वाचतां येणें हें आज आवश्यक झालें आहे. परंतु गांवसभेंत उठून चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी कां पाळावयाची, हें गुराख्याला पटवून देतां येणें त्याहून अवघड आहे. बंदीचा पहिला फटका भूमिहीनाच्या शेळीला बसतो. तिच्या चाऱ्याची सोय आधीं लावल्यावांचून जो बंदीचा ठराव करतो, त्याचा ठराव कागदावरच राहतो.

शेजारच्या जालना जिल्ह्यांतील कडवंची या गांवीं याचें प्रत्यंतर पाहावयास मिळतें. १९९० नंतरच्या दशकांत इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमांत हें गांव आलें. खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्रानें आणि तें चालविणाऱ्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळानें तेथें मार्गदर्शन केलें. विजयअण्णा बोराडे यांचें नांव या कार्याशीं कायमचें जोडलें गेलें आहे. एकेकाळचें हें कोरडवाहू गांव पुढें शेततळ्यांसाठीं आणि द्राक्षबागांसाठीं महाराष्ट्रभर ओळखलें जाऊं लागलें. बाहेरून येणाऱ्यांना बागा दिसतात. त्या बागांपूर्वीं उन्हांत दोरी धरून समपातळी रेषा आंखणारीं माणसें होतीं, हें मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं उरुळीकांचन येथें स्थापन केलेली ‘बायफ’, किंवा १९९३ सालीं सुरू झालेली ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ अशा संस्थांत या प्रकारच्या माणसांना काम मिळतें. २०१८ सालीं जागतिक बँकेच्या साहाय्यानें नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्प सुरू झाला, त्यांत परभणी जिल्हाही होता. गांवोगांवीं फिरून शेतकऱ्यांना योजनेशीं जोडून देण्याकरितां त्या प्रकल्पांत कंत्राटी समूह सहायक नेमण्यांत आले होते.

‘कंत्राटी’ या शब्दावर येथें थांबलें पाहिजे. या वाटेवरील पुष्कळ नोकऱ्या प्रकल्पाबरोबर जन्मतात आणि प्रकल्पाबरोबर संपतात. वेतन बेताचें, प्रवास स्वतःच्या दुचाकीवर, आणि करार बहुधा थोड्या मुदतीचा. हें सत्य उमेदवारापासून लपविणें योग्य नाहीं. कामावर रुजू होण्यापूर्वीं त्यानें चार गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्या : करार किती महिन्यांचा आहे, प्रवासखर्च वेगळा मिळतो कीं नाहीं, अपघाताचा विमा आहे काय, आणि काम संपल्यावर अनुभवाचा दाखला कोण देणार. जी संस्था या प्रश्नांनीं नाराज होते, तिच्याकडे न जाणेंच श्रेयस्कर. तथापि दोन प्रकल्पांत मन लावून काम केलेल्या तरुणाला तिसऱ्या ठिकाणीं सहसा मागणी असते, कारण समपातळी रेषा आंखणें आणि गांवसभा हाताळणें या गोष्टी कोणत्याही शिकवणीच्या वर्गांत मिळत नाहींत.

तिसरी वाट संशोधनाची, आणि ती तर परभणीच्या दारांतूनच जाते. हैदराबाद संस्थानच्या काळांत, १९१८ सालीं येथें प्रायोगिक शेत सुरू झालें. १९७२ सालीं मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें, आणि २०१३ पासून तें वसंतराव नाईक यांच्या नांवानें ओळखलें जातें. ‘परभणी क्रांति’ ही भेंडीची जात येथील संशोधकांनीं रानभेंडीच्या एका जातीशीं संकर करून तयार केली. पानें पिवळीं पाडणाऱ्या केवडा रोगाला तोंड देण्याचें बळ त्या रानटी आप्ताकडून आलें. ओढ्याकांठचें निरुपयोगी वाटणारें झुडूप कां राखावयाचें, याचें याहून सोपें उत्तर नाहीं. नांदेड-परभणीकडील लाल कंधारी गाईचा वंश जपण्याचें कामही पशुवैद्यकाच्या पदवीधरांची वाट पाहत आहे. आणि गाय राखावयाची तर गायरान राखावें लागतें.

मुलींच्या बाबतींत घरोघरीं अजून अधिक कचरतात. रानावनांत एकट्या मुलीनें कसें हिंडावें, हा आईचा प्रश्न खोटा नाहीं, आणि तो हंसण्यावारी नेणें बरें नव्हे. परंतु आज वनरक्षक म्हणून स्त्रिया बंदोबस्तास जातात, वनाधिकारी म्हणून पंचनामे करतात. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांतील कोंभाळणे गांवच्या राहीबाई पोपेरे शाळेंत गेल्या नाहींत. पण त्यांनीं देशी वाणांचीं बियाणीं जमवून त्यांची बँक उभी केली, त्यांत ‘बायफ’चें साहाय्य त्यांना लाभलें, आणि २०२० सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्या घरांतील मुलीच्या हातीं विज्ञानाची पदवी आहे, त्या घरानें या उदाहरणाकडे नुसत्या कौतुकानें पाहून भागणार नाहीं.

मग घरच्या वडीलधाऱ्यांनीं काय करावें? परीक्षेला बसूं नये, असें कोणी म्हणणार नाहीं. मात्र परीक्षेला आधींच मुदत घालून द्यावी. दोन वर्षें म्हणजे दोन वर्षें. आणि तीं दोन वर्षें बंद खोलींत न काढतां शिवारांत पाय ठेवून काढावीं. जिंतूर तालुक्यांतील एखाद्या पदवीधरानें आपल्याच गांवच्या दहा विहिरी निवडाव्या, दर पंधरा दिवसांनीं दोरी सोडून पाण्याची पातळी मोजावी आणि वहींत मांडावी. गांवच्या गायरानांत कोणतें गवत कोणत्या महिन्यांत येतें, पाणवठ्यावर कोणते पक्षी उतरतात, कोणत्या ओघळीनें माती अधिक जाते, याची नोंद ठेवावी. २००२ च्या जैवविविधता कायद्यानें प्रत्येक ग्रामपंचायतींत जैवविविधतेची समिति आणि नोंदवही यांची तरतूद केली आहे. त्या नोंदवहीला अशा मुलाचा हात लागला, तर ती खरी होईल. पुढें मुलाखतीच्या वेळीं चार उमेदवार प्रमाणपत्रें पुढें करतील आणि हा आपली वही पुढें करील. त्याची निवड होईलच, असें वचन देतां येत नाहीं. पण निवड न झाली तरी त्याचीं वर्षें फुकट गेलीं, असें म्हणतां येणार नाहीं, कारण त्या दहा विहिरींचा हिशेब गांवाजवळ राहील.

सारांश, शिवाराच्या राखणींत पोट भरतें, परंतु तें पद मिळेपर्यंत हात बांधून बसणाऱ्याचें नव्हे. पुण्याची खोली पाहण्यापूर्वीं वडिलांनीं एकदां मुलाबरोबर गांवच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत चालून यावें. पावसाळ्यानंतर ओढा कोणत्या महिन्यांत आटतो, एवढें जरी मुलाला सांगतां आलें, तरी त्याच्या शिक्षणाचा उपयोग सुरू झाला असें समजावें. आणि सांगतां आलें नाहीं, तर त्याचा पुढचा अभ्यास कोठून सुरू व्हावा, हें दोघांनाही कळून येईल.