मुखमुद्रा आणि अंतःकरण
(महोत्सवी सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मनोविकारांसारखा विषय आम्ही का निवडला, असे कित्येकांस वाटेल. परंतु धर्मग्रामातील जे तंटे मिटविण्यासाठी आम्हांस बोलावणे येते, त्यांपैकी पुष्कळांचे मूळ शब्दांत नसून चेहऱ्यात असते. “त्याने मला पाहून तोंड फिरविले,” एवढ्यावरून भावाभावांत अबोला पडतो. यास्तव देह आणि चेहरा काय सांगतात व काय सांगत नाहीत, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

मनोविकार देहावर उमटतात, याची साक्ष आपली भाषाच देते. भयाने तोंडचे पाणी पळते, हातपाय गार पडतात, पोटात गोळा उठतो. हे केवळ अलंकार नव्हेत. अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की, भय वा क्रोध उत्पन्न होताच अॅड्रिनॅलिन नावाचा रस रक्तात मिसळतो, हृदय जलद चालू लागते, पचनाचे काम मंदावते आणि देह लढण्यास किंवा पळण्यास सिद्ध होतो. सारांश, मनोविकार मनुष्यास कृतीकडे लोटतो. तो लोटतो मात्र. कृती आपणच करतो. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात अकरा मनोविकार सांगून असे प्रतिपादिले की, ते स्वभावतः बरे नव्हेत वा वाईटही नव्हेत. बुद्धी व इच्छा त्यांस कोणत्या वाटेने नेतात, यावर त्यांचे बरेवाईटपण ठरते. क्रोधाने मूठ आवळली, हा देहाचा धर्म. ती उगारणे, हे आपले कर्म.

आता चेहऱ्याकडे वळू. द्युशेन या फ्रेंच वैद्यांनी विजेच्या प्रवाहाने चेहऱ्याचे स्नायू हालवून पाहिले आणि १८६२ साली असे लिहिले की, ओठांवरचे हसू इच्छेनुसार आणता येते, पण खऱ्या आनंदात डोळ्यांभोवतालचा स्नायूही आकसतो. त्यांची काही छायाचित्रे चार्ल्स डार्विन यांनी १८७२ साली याच विषयावरील आपल्या ग्रंथात घेतली. यावरून चेहरा हा मनाचा आरसा आहे, असे कोणासही वाटेल. परंतु २०१९ साली पाच संशोधकांनी पूर्वीच्या पुष्कळ प्रयोगांचा आढावा घेऊन असा निष्कर्ष काढला की, केवळ चेहऱ्याच्या हालचालींवरून मनोविकार खात्रीने ओळखता येत नाही. कपाळास आठी रागाने पडते, तशी ती उन्हाने, विचाराने व दुखण्यानेही पडते.

याहून मोठा दाखला कंपवाताचा आहे. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली वर्णिलेल्या या रोगात पुष्कळांचा चेहरा मुखवट्यासारखा निश्चल होतो, पापण्या क्वचितच लवतात, आवाज क्षीण होतो. नातवास पाहून आजोबांचे अंतःकरण भरून येते, पण ओठांवर रेषाही उमटत नाही. घरची माणसे म्हणतात, “म्हातारा दगड झाला,” आणि हळूहळू त्यांच्याशी बोलणेच सोडून देतात. अंतरी माया असूनही ती आपल्या माणसांपर्यंत पोहोचू नये, याहून मोठे दुःख ते कोणते?

म्हणून, बंधुभगिनींनो, आमची विनंती इतकीच आहे. चेहरा वर्दी देतो, निवाडा देत नाही. वर्दी मिळताच विचारपूस करावी आणि उत्तर येईपर्यंत धीर धरावा. कंपवाताच्या रोग्यास तर बोलण्यास अंमळ अधिकच वेळ द्यावा. आजच्या पंगतीत ज्याची मुद्रा तुम्हांस कठोर दिसेल, त्याच्याच शेजारी जाऊन बसा. कदाचित त्याचे एखादे दुखणे तुम्हांस कळेल. कदाचित तो खरोखरच रागावलेला असेल. तर तेही त्याच्याच मुखातून ऐका, आणि मग हात पुढे करा.