नाळेतील रक्तप्रवाह आणि गावाचे कर्तव्य



वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या मधोमध पसरलेल्या यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. उमरखेडचे एखादे खेडे असो की झरी-जामणीतील कोलामांचे पोड असो, जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचण्यास दिवसाचा मोठा भाग खर्ची पडतो. अशा ठिकाणी एखाद्या घरी दिवस भरत आले असता पोटातील हालचाल मंदावते, मूल मृत जन्मास येते आणि ‘नशिबात नव्हते’ एवढे बोलून घर गप्प होते. अशा मृत्यूंपैकी काहींचे मूळ वारेतील बिघाडात असते आणि तो बिघाड वेळीच ओळखण्याचे साधन आज वैद्यकशास्त्राच्या हाती आहे. नाळेतील रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी हे ते साधन होय.

गर्भाचे पोषण नाळेतून होते. नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात. वारेकडून येणारी नीला प्राणवायू व पोषक द्रव्ये गर्भाला पोहोचविते आणि दोन रोहिण्या गर्भाकडील रक्त वारेकडे परत नेतात. निरोगी वारेतील सूक्ष्म वाहिन्या मोकळ्या असतात. त्यामुळे गर्भाच्या हृदयाच्या दोन ठोक्यांमधील विसाव्याच्या क्षणीही रोहिण्यांतील रक्त पुढे वाहतच राहते. वारेतील वाहिन्या मोठ्या प्रमाणावर निकामी झाल्या, की या विसाव्याच्या क्षणीचा प्रवाह क्षीण होतो. पुढे तो थांबतो, आणि अखेरच्या अवस्थेत रक्त उलट दिशेने फिरू लागते. प्रवाह थांबणे हा गंभीर इशारा आहे आणि तो उलटणे हा त्याहून गंभीर.

हा प्रवाह पोटाला छेद न देता कसा कळतो? एस. टी. ची गाडी भोंगा वाजवीत जवळ येते तेव्हा आवाज चढा लागतो आणि ती दूर जाताच उतरतो, हा सर्वांचा अनुभव आहे. या घटनेमागील तत्त्व ख्रिश्चन डॉप्लर या शास्त्रज्ञाने १८४२ साली प्राग येथे मांडले. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पोटावरून आत सोडल्या असता वाहत्या रक्तपेशींवर आदळून त्या बदललेल्या कंपनसंख्येने परततात. त्या बदलावरून रक्ताची दिशा आणि गती आलेखाच्या रूपाने दिसते. १९७७ साली आयर्लंडमधील फिट्झजेराल्ड व ड्रम यांनी या पद्धतीने नाळेतील प्रवाह मोजल्याचे प्रसिद्ध केले आणि प्रसूतिशास्त्रात एक नवे दालन उघडले. या तपासणीत सुई नाही, क्षकिरण नाही आणि वेदनाही नाही.

तथापि ही तपासणी प्रत्येक गर्भवतीने करून घ्यावी असे नाही. ज्यांच्या गर्भारपणात धोका आहे अशा सुमारे दहा हजार स्त्रियांवरील चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला असता, डॉप्लरच्या वापराने गर्भाचे व नवजात बालकांचे मृत्यू सुमारे २९ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. धोका नसलेल्या स्त्रियांत असा लाभ सिद्ध झालेला नाही. म्हणून धोक्यातील स्त्री वेळेवर ओळखणे हेच या कार्याचे मर्म आहे, आणि ही ओळख यंत्राच्या खोलीत होत नसून गावात होते.

रक्तदाब वाढलेला असणे, पूर्वीचे मूल मृत जन्मलेले किंवा फार कमी वजनाचे असणे, सिकलसेलसारखा आजार असणे, खर्रा वा तंबाखूचे व्यसन असणे, ही धोक्याची लक्षणे आहेत. याखेरीज एक साधी मोजपट्टीही मोठे काम करते. चोविसाव्या आठवड्यानंतर गर्भाशयाची उंची सेंटिमीटरमध्ये साधारणतः गर्भाच्या आठवड्यांइतकी भरते. ती तीन सेंटिमीटर वा अधिक मागे राहिल्यास गर्भाच्या वाढीची तपासणी झाली पाहिजे. हालचाल कमी झाल्याचे मातेने सांगितल्यास तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आधीच्या डॉप्लरचा निकाल चांगला होता म्हणून थांबू नये, कारण शेवटच्या आठवड्यांतील काही बिघाड नाळेच्या डॉप्लरमध्ये दिसत नाहीत.

दोष आढळल्यास डॉप्लर स्वतः उपचार करीत नाही, ते वेळ दाखविते. किती दिवस थांबावे, गर्भाची फुप्फुसे परिपक्व होण्यासाठी मातेला इंजेक्शन केव्हा द्यावे आणि प्रसूती कोठे करावी, हे निर्णय तज्ज्ञ डॉक्टर त्याच्या आधारे घेतात. अपुऱ्या दिवसांच्या बालकाची देखभाल होईल अशा ठिकाणी माता आधीच पोहोचलेली असणे अगत्याचे आहे. यवतमाळ येथे १९८९ साली स्थापन झालेले श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशा रुग्णांसाठी जिल्ह्यातील प्रमुख शासकीय केंद्र आहे.

खर्चाची भीती बाळगण्याचे कारण नाही. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय संस्थांत गर्भवतीच्या आवश्यक तपासण्या, औषधे, प्रसूती आणि वाहतूक विनामूल्य आहेत. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची विशेष तपासणी होते.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. याच ध्वनिलहरींचा दुरुपयोग मुलीचा गर्भ ओळखून नष्ट करण्यासाठी झाला. त्याविरुद्ध देशात सर्वप्रथम १९८८ साली महाराष्ट्राने कायदा केला. त्यानंतर १९९४ चा केंद्रीय कायदा आला आणि २००३ साली तो अधिक कडक झाला. यंत्राची नोंदणी आणि प्रत्येक तपासणीची लेखी नोंद बंधनकारक आहे. लिंग विचारणे व सांगणे हे दोन्ही गुन्हे आहेत. नाळेतील प्रवाह मोजण्यासाठी गर्भ मुलाचा की मुलीचा हे पाहण्याची मुळीच गरज नसते. म्हणून कायद्याच्या धास्तीने गरजू स्त्रीची तपासणी टाळली जाऊ नये, तसेच तपासणीच्या निमित्ताने कायदाही मोडला जाऊ नये.

ग्रामपंचायतीने गावातील धोक्याच्या गर्भवतींची नावे आशा कार्यकर्ती व परिचारिका यांच्याकडून समजून घ्यावीत आणि वाहनाची सोय आधीच ठरवून ठेवावी. त्या नावांची चारचौघांत चर्चा होऊ देऊ नये. शिक्षकांनी पालकसभेत हालचालीचे महत्त्व सांगावे. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडेल म्हणून तपासणी चुकते. त्या एका दिवसाची मजुरी आणि एका मुलाचा जीव यांची तुलना घरातील वडीलधाऱ्यांपुढे ठेवणे, हे काम गावातील जाणत्या माणसांचेच आहे. नाळेतील प्रवाह यंत्राला दिसेल, परंतु त्या यंत्रापर्यंत मातेला गावानेच पोहोचवावयाचे आहे.